कातडीच्या पेशींपासून बीज : आपल्या गोठ्यास त्याचा उपयोग काय?

इंदापूर तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराची पंढरपुरी म्हैस गेल्या उन्हाळ्यांत दगावली. चार वेतें झालीं, चारहि वेळां टोणगेच; ते केव्हांच विकले गेले होते. "दूध भरपूर होतें, पण वंश राहिला नाहीं," असें तो हळहळून म्हणे. जपानांत कातडीपासून बीज तयार करून उंदीर जन्मास घातल्याची बातमी वाचून त्यानें आम्हांस विचारलें, "तिच्या कानाचा तुकडा ठेवला असता, तर मला रेडी मिळाली असती काय?" हाच प्रश्न बारामतीकडील कांहीं बंधूंनींहि केला आहे, म्हणून उत्तर येथें देतों.

शरीर असंख्य पेशींचें बनलेलें असतें. कातडीच्या पेशींतून कातडीच वाढते. गर्भाच्या अगदीं आरंभींच्या पेशींतून मात्र हाड, मांस, रक्त, कांहींहि होऊं शकतें. त्यांस मूळपेशी म्हणतात. इ. स. २००६ मध्यें क्योटो येथील डॉ. शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या कातडीच्या पेशींत चार जनुकें घालून त्यांस पुन्हां या मूळ अवस्थेस नेलें. २०१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. त्याच विद्यापीठांतील मितिनोरी साइतो व कात्सुहिको हायाशी यांनीं अशा मूळपेशींपासून २०११ मध्यें शुक्रबीज व २०१२ मध्यें अंडबीज तयार केलें. पण तें पक्व होण्यास जिवंत उंदराच्या शरीरांत ठेवावें लागे. २०१६ मध्यें अंडबीजाची सगळी वाढ बशींतच झाली व त्यापासून पिलें जन्मलीं. तरी त्या बशींतहि उंदराच्या गर्भांतील अंडाशयाच्या पेशी सोबतीस घालाव्या लागल्या. रोपास वाफा लागतो, तसेंच हें. २०२३ मध्यें हायाशी यांनीं नराच्याच पेशींपासून अंडबीज केलें. तेव्हां ६३० गर्भ उंदरिणींच्या पोटीं रोपले आणि पिलें जन्मलीं ७. म्हशीच्या धंद्यांत हा हिशेब कोणास परवडेल?

गाईच्या गर्भापासून टिकाऊ मूळपेशी २०१८ मध्यें अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें मिळाल्या. परंतु अशा पेशींपासून बीज करून गाईचें वासरूं वा म्हशीचें पारडूं अद्याप झालेलें नाहीं. आपल्या देशांत कर्नाल येथें २०१० सालीं 'गरिमा-२' ही रेडी मूळपेशीपासूनच जन्मली आणि २०१३ मध्यें ती व्यालीहि. पण ती प्रतिकृति होय: पेशीचा गाभा रिकाम्या अंडबीजांत घालून केलेली हुबेहूब नक्कल. बीजपेशींत गुणांची निम्मी वांटणी होते, नव्या जोड्या जुळतात. पैदाशीचें सारें मर्म त्यांतच आहे.

खरा लोभ आहे तो वेळेचा. वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करावयाची, तर सहा-सात वर्षें सहज जातात. मूळपेशीपासून बीज, बीजांच्या संयोगानें गर्भ, गर्भापासून पुन्हां मूळपेशी, असें चक्र बशींत चालूं लागलें, तर वासरूं जमिनीवर पडण्यापूर्वींच दोन-चार पिढ्या उलटतील. मात्र तेथें दूध मोजावयास कास नाहीं. निवड करावयाची ती केवळ जनुकें तपासून. कोणतें जनुक दूध वाढवितें हें हजारों जनावरांच्या लिहून ठेवलेल्या दुधावरूनच ठरतें. हॉलंडच्या गोठ्यांतील आंकडे मे महिन्यांतील इंदापुरास व आपल्या उसाच्या वाढ्यांवरील जनावरांस लागू पडतील, असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून त्या बागाइतदारास आम्हीं सांगितलें कीं, कानाचा तुकडा वेळींच नीट गोठवून ठेवला असता, तर पेशी टिकल्या असत्या. रेडी मात्र आज मिळाली नसती. म्हैस जिवंत असतांना तिचीं अंडबीजें सुईनें काढून, बाहेर फळवून, दुसऱ्या म्हशीच्या पोटीं वाढवितां येतात. गुजरातेंत गीर-सोमनाथ जिल्ह्यांतील धणेज येथें बन्नी म्हशीचें पारडूं २०२१ मध्यें बाहेर फळविलेल्या बीजापासूनच झालें. तो खर्च कोणत्या जनावरावर करावा, एवढाच प्रश्न उरतो. आम्हीं विचारलें, "तुमची म्हैस वेताला किती दूध देई?" तो पुन्हां म्हणाला, "भरपूर." चार वेतांचा लिहिलेला एकहि आंकडा त्याच्याजवळ नव्हता.