भरलेल्या नळीचं शास्त्र

साताऱ्याकडून कोल्हापूरकडे जाताना कराडजवळ कोयनेचा पूल ओलांडला, की मलकापूर लागतं. बुलढाण्याचं नव्हे, हे सातारा जिल्ह्यातलं मलकापूर. तीसेक हजार वस्तीचं. दीडेक दशकापूर्वी इथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने एक धाडस केलं. गावाच्या नळाला चोवीस तास पाणी द्यायचं ठरवलं आणि दिलंही. मोठमोठ्या महापालिकांना जे साधत नव्हतं, ते एका छोट्या नगरपंचायतीने करून दाखवलं म्हणून या योजनेला पंतप्रधान पुरस्कार मिळाला.

यात कोडं असं आहे, की चोवीस तास नळ चालू म्हणजे उधळपट्टी, असं आपल्याला सहज वाटतं. तासभर पाणी सोडून भागत असताना दिवसभर कशाला? पण मीटर लावून, गळती रोखून, नीट आखणी करून चोवीस तास पाणी दिलं, तर नदीतून जास्त पाणी उचलावं लागत नाही. बरेचदा कमी लागतं. हे कसं होतं ते पाहायचं, तर पाण्याच्या मागोमाग नदीपासून घरापर्यंत जायला हवं.

आधी थोडा हिशेब. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असा आपल्याकडचा रूढ निकष आहे. तीस हजारांच्या गावाला तो लावला तर रोजचे ४० लाख लिटर होतात. म्हणजे सेकंदाला सरासरी ४७ लिटर, रात्रंदिवस. हे सगळं नदीकाठच्या जॅकवेलमधून उपसायचं. नदी खाली आणि गाव वर. चढ आणि नळीतलं घर्षण मिळून ६० मीटरची उचल धरली, तर पंपाची कार्यक्षमता लक्षात घेता दिवसाला हजारभर युनिट वीज फक्त पाणी वर चढवण्यात जाते. त्यामुळे पाण्याची नासाडी ही विजेचीही नासाडी असते. गटारात गेलेल्या प्रत्येक बादलीचं वीजबिल नगरपालिकेने आधीच भरलेलं असतं.

जलशुद्धीकरण केंद्रावर पोहोचलेलं पावसाळ्यातलं पाणी चहासारखं गढूळ दिसतं. त्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की दिवसच्या दिवस तळाशी बसत नाहीत. गंमत अशी, की ते हलके असतात म्हणून तरंगतात असं नाही. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटी टाकली की ॲल्युमिनियमच्या धन भारामुळे हे भांडण मिटतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि ते खाली बसतात. उरलेलं वाळूच्या थरातून गाळलं जातं. वाळूच्या दोन दाण्यांमधली फट अडवायच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असते, तरीही कण अडकतो. कारण इथे चाळणीसारखं गाळणं होत नाही. वळणावळणाने जाताना कण वाळूला जाऊन चिकटतो. थर तुंबला की खालून उलटं पाणी सोडून तो धुवून काढतात आणि वाळू पुन्हा कामाला लागते.

शेवटी क्लोरीन. दर लिटरला २ मिलिग्रॅम मात्रा धरली तर अख्ख्या गावाला दिवसाला आठेक किलो पुरतो. यातला बराचसा क्लोरीन केंद्रावरच जंतू मारण्यात खर्च होतो. पण थोडा मुद्दाम शिल्लक ठेवायचा असतो. शेवटच्या घरच्या नळावर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असा नियम आहे. म्हणजे पन्नास लाख भाग पाण्यात एक भाग. गावोगावी पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ओटी या तपासणी-रसायनाचे थेंब टाकून जी पिवळी छटा बघत आले आहेत, ती या एका भागाची. पिवळी झाक आली तर पाण्याबरोबर राखणदार नळापर्यंत पोहोचला. आली नाही, तर वाटेत कुठेतरी घाण शिरली आणि तिच्याशी लढण्यात तो संपला.

आता उंच टाकी. तिचं काम पाणी साठवणं एवढंच आहे असं वाटतं, पण तिची उंचीही तितकीच महत्त्वाची असते. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ खाली चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब देतो. म्हणून पाणीपुरवठ्यातली माणसं ‘दोन किलोचं प्रेशर आहे’ म्हणतात, तेव्हा टाकीतली पातळी वीस मीटर उंचीवर आहे, असा त्याचा अर्थ होतो. गंमत म्हणजे टाकी लहान असो की मोठी, दाब उंचीवरूनच ठरतो. गावातल्या हजारो नळांना ढकलणारं बळ हेच. रात्री गाव झोपलेलं असताना पंप टाकी भरतात. सकाळी सहा ते नऊ सगळं गाव एकदम उठतं, वापर सरासरीच्या तिप्पट होतो आणि टाकीची पातळी झपाट्याने उतरते. पंप मात्र आपल्या संथ लयीत चालत राहतो. गावाची सकाळची घाई टाकी स्वतःवर घेते, पंपाला तिची झळ लागत नाही.

इथवरचं सगळं तासभर पाणी देणाऱ्या गावातही असतं. फरक पडतो तो टाकीच्या पुढे, जमिनीखालच्या नळ्यांत.

समजा दिवसाचं सगळं पाणी तीन तासांत सोडायचं आहे. मग नळीतला प्रवाह सरासरीच्या आठपट होतो. चोवीस तासांच्या पुरवठ्यात सकाळच्या गर्दीतही तो तिपटीच्या आसपास असतो. आठ आणि तीन यांतला फरक वाटतो तेवढा लहान नाही. नळीतलं घर्षण प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढतं. हिशेब केला तर त्याच नळीत दाबाची घट सहापट होते. टाकीजवळच्या घरात धबधबा आणि टोकाच्या घरात करंगळीएवढी धार, असं जे चित्र दिसतं, ते यामुळे. टोकाचा माणूस मग मोटर लावून पाणी ओढतो. त्याच्या शेजारच्या घराची धार तुटते, म्हणून तोही मोटर लावतो. यात कुणाचा दोष काढणार? नळीच्या गणिताने त्यांना एकमेकांवर सोडलेलं असतं.

पाणी बंद झाल्यावर जे होतं ते याहून वाईट. भरलेल्या नळीला भेग असेल तर पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येऊ शकत नाही. पंक्चरवाला हवा भरलेली ट्यूब टबात बुडवतो तेव्हा बुडबुडे बाहेर येतात, टबातलं पाणी ट्यूबमध्ये शिरत नाही, तसंच हे. पण पुरवठा थांबला की उतारावरच्या नळ्या रिकाम्या होऊ लागतात, आत पोकळी तयार होते, आणि जी भेग काल पाणी बाहेर टाकत होती तीच आज शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढते. पाणी आल्या आल्या पहिली दोन मिनिटं गढूळ येतात, ती याचीच खूण. केंद्रावर कितीही चोख शुद्धीकरण केलं तरी नळी रोज रिकामी होत असेल तर शुद्धतेची हमी देता येत नाही. नळ्यांमध्ये कायम दाब असणं हीच एक मोठी शुद्धीकरण व्यवस्था आहे, आणि ती जमिनीखाली अदृश्य असते.

रिकामी नळी मीटरलाही फसवते. पाणी सोडलं की नळीतली हवा पुढे ढकलली जाते आणि नळातून फुसफुसत बाहेर पडते. मीटरचं चक्र तिच्यावरही फिरतं. हवेचं बिल भरायला कुणी तयार नसतो, म्हणून मीटरवरचा विश्वास उडतो आणि गाव पुन्हा सरसकट पाणीपट्टीवर येतं. सरसकट पट्टी असली की नळाला तोटी बसवण्याचं कारणच उरत नाही. पाणी येईल तेवढा वेळ ते वाहतं. हंडे, पिंपं, टाक्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात. चोवीस तासांच्या नळाने पहिली बचत होते ती इथे. हवं तेव्हा पाणी मिळणार असेल तर साठा कशाला करायचा, आणि साठा नसेल तर शिळं तरी काय ओतायचं?

पण नळी सतत भरलेली ठेवायची तर प्रत्येक गल्लीत, प्रत्येक तासाला पुरेसा दाब आहे का, हे आधीच कळायला हवं. गावातल्या नळ्यांचं जाळं असतं. एका चौकात पाणी चार बाजूंनी येऊ शकतं. कुठून किती येईल, हे एकेका नळीकडे पाहून कळत नाही, कारण प्रत्येक प्रवाह बाकी सगळ्यांवर अवलंबून. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये यावर सुंदर तोड काढली. आधी प्रवाहांचा अंदाजच करायचा, चौकात येणारं आणि जाणारं पाणी सारखं राहील एवढी काळजी घेऊन. मग जाळ्यातल्या एकेका वेढ्याभोवती फिरून दाबातल्या घट-वाढीची बेरीज करायची. परत सुरुवातीच्या जागी आल्यावर ती शून्य यायला हवी. आली नाही तर चूक जेवढी, त्या प्रमाणात प्रवाह थोडे बदलायचे आणि पुन्हा फिरायचं. काही फेऱ्यांत अंदाजाचं उत्तर होतं, तेही कागद-पेन्सिलीवर. आज संगणक हेच काम क्षणात करतो, म्हणून मलकापूरएवढ्या गावालाही आपल्या जाळ्याचं गणिती प्रारूप परवडतं.

जाळं एकदा समजलं की त्याचे लहान लहान विभाग पाडता येतात. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक मोठं मीटर. इथून चोवीस तासांच्या पुरवठ्यातला सगळ्यात देखणा भाग सुरू होतो, आणि तो घडतो मध्यरात्रीनंतर.

पहाटे दोन ते चार या वेळात गावात पाणी वापरणारं जवळजवळ कुणी नसतं. मग विभागाच्या मीटरवर जो प्रवाह दिसतो तो कुणाचा? बहुतांशी गळतीचा. दिवसभराच्या वापरात लपलेला चोर या दोन तासांत उघडा पडतो. मग कर्मचारी एकेका रस्त्याचा व्हॉल्व्ह बंद करत जातात. ज्या व्हॉल्व्हसरशी प्रवाह घसरला, गळती त्याच्या पुढे. लोखंडी नळी असेल तर व्हॉल्व्हवर सळई टेकवून कान लावला की भेगेतून सुटणाऱ्या पाण्याची सूं सूं ऐकू येते. प्लॅस्टिकच्या नळीत आवाज लांबवर जात नाही, तिथे शोध अवघड होतो. तासभर पाणी देणाऱ्या गावात ही तपासणी करताच येत नाही, कारण तिथे नळी भरलेली असते तेव्हा सगळेच पाणी भरत असतात.

गळती किरकोळ वाटते, पण वीस मीटर दाबाखाली तीन मिलिमीटरच्या छिद्रातून दिवसाला सुमारे सात हजार लिटर पाणी जातं. पन्नास माणसांचा दिवसाचा वाटा. आणि चोवीस तास दाब म्हणजे चोवीस तास गळती, म्हणून जुन्या फुटक्या नळ्यांवर ही योजना नुसती लादली तर ती बुडते. आधी जोड दुरुस्त, मग दाब. हा क्रम उलटवता येत नाही.

एक राखण उरली, ती घराच्या दारातली. मलकापुरात लांबूनच रेडिओ लहरींनी वाचता येणारी मीटर बसवली, म्हणजे वाचन घेणाऱ्याला दार वाजवावं लागत नाही आणि आकडा मर्जीने लिहिता येत नाही. दर टप्प्याटप्प्याचा. गरजेपुरतं पाणी स्वस्त आणि पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा महाग. इथे कोड्याचं उत्तर पूर्ण होतं. पाण्याला लगाम दोन्हीकडे असतो. तासभराच्या पुरवठ्यात तो घड्याळाच्या हाती असतो, चोवीस तासांच्या पुरवठ्यात मीटरच्या. घड्याळ सगळ्यांना सारखंच अडवतं. ज्याच्याकडे मोठी टाकी आणि मोटर आहे तो जिंकतो, आणि ज्या घरातली बाई कामावर गेलेली आहे ते हरतं. मीटर मात्र ज्याने उधळलं त्यालाच विचारतं.

तुमच्या गावची नगरपालिका पाणी कमी पडतंय म्हणून नवी योजना मांडेल, तेव्हा तिला तीन आकडे विचारून पाहा. टाकीतून रोज किती पाणी सुटतं? त्यातलं किती बिलात दिसतं? आणि पहाटे तीन वाजता किती वाहतं? पहिल्या दोहोंतली तफावत म्हणजे वीज जाळून, तुरटी-क्लोरीन घालून तयार केलेलं आणि मग हरवलेलं पाणी. तिसऱ्या आकड्यावरून ते कुठे हरवतं याचा माग लागतो. तो आकडाच कुणाकडे नसेल, तर नव्या धरणाआधी गावाला मीटर हवं.