भिंतीच्या पोटात काय आहे?

‘भिंतीला कान असतात’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण भिंतीला शिरासुद्धा असतात, हे मला गेल्या वर्षी कळले आणि तेही बऱ्यापैकी महागात पडून.

आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता. शेजारच्या काकांकडून ड्रिल आणले. आज्जी म्हणाली, “अगं, प्लंबरला एकदा विचार की!” मी म्हटले, “आज्जी, नळ तिकडे न्हाणीघरात आहे, इथे कुठला पाइप?” आणि स्टुलावर चढले. भोक दोन इंच गेले नाही तोच भिंतीतून पाण्याची धार सुटली. कॉक कुठला बंद करायचा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. गच्चीवरची टाकी निम्मी रिकामी झाली, तेव्हा बाबांना तो सापडला. दिवाणावर ठेवलेला आजोबांचा फोटो भिजला. त्याची दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आले. भिंतीवर बोटाने रेघ ओढून म्हणाले, “इल्ली पैप ऐती नोड्री!” म्हणजे, ‘इथे पाइप आहे, बघा!’ भिंतीच्या पलीकडे बरोबर त्याच जागी न्हाणीघराचा शॉवर होता. चूक माझीच होती. त्यांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले आणि नंतर मी विचारून घेतले, ते येथे मांडते.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता. भिंती जाड असत, खुंट्या बांधकामातच बसवलेल्या असत आणि पाइप भिंतीवरून उघडे जात. आता पाइप आणि वायरी भिंतीत खाच पाडून बसवतात आणि वरून गिलावा करतात. गिलाव्याची जाडी साधारण अर्धा ते पाऊण इंच असते. म्हणजे पाइप आपल्यापासून फार लांब नसतो.

पहिला नियम असा की पाइप बहुधा सरळ जातो, उभा किंवा आडवा. म्हणून दिसणाऱ्या प्रत्येक नळापासून, शॉवरपासून, गिझरच्या जोडापासून मनात एक उभी आणि एक आडवी रेघ ओढावी व दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडावी. विजेचेही तसेच आहे. स्विचबोर्डातून वायरीची नळी बहुधा सरळ वर छताकडे जाते, कधी आडवी दुसऱ्या बोर्डाकडे. म्हणून बोर्डाच्या थेट वर, खाली किंवा त्याच पातळीत भोक पाडू नये. मात्र पाइप वाचवण्यासाठी तिरका घालणारेही असतात. तेव्हा हा नियम म्हणजे हमी नव्हे.

दुसरा नियम मी विसरले होते : भिंतीची दुसरी बाजू पाहावी. अर्ध्या विटेची भिंत जेमतेम साडेचार इंचांची असते. पलीकडे न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा बेसिन असेल, तर तिकडचे नळ आपल्याच बाजूला आहेत असे समजावे. गच्चीवर जाऊन टाकीचे पाइप भिंतीत कुठे उतरतात तेही पाहावे.

तिसरी गोष्ट चाचणीची. जुना लोखंडी पाइप वरच्यावर असेल तर चांगले लोहचुंबक त्याचा पत्ता देते. प्लास्टिकच्या पाइपाला मात्र ते दाद देत नाही. बाजारात मिळणारी साधी शोधयंत्रेही धातू दाखवतात, प्लास्टिक बहुधा नाही, आणि खांबातल्या सळ्यांनी फसतात. गरम पाण्याच्या पाइपासाठी एक युक्ती आहे. गिझरचे पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि भिंतीवर तळहात फिरवावा. कधीकधी ऊब जाणवते. पण जाणवली नाही म्हणून पाइप नाही, असे मात्र समजू नये.

आता प्रत्यक्ष भोक पाडताना. आधी टाकीचा कॉक बंद करून खालचा नळ उघडावा, म्हणजे पाइपातले पाणी निघून जाईल. त्या खोलीची वीज बोर्डावरून बंद करावी आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून लांब वायरीने वीज घ्यावी. बिटावर हवी तेवढी खोली मोजून चिकटपट्टी गुंडाळावी आणि तिच्यापुढे जाऊ नये. थोडे थोडे थांबून भुकटी पाहावी. विटांच्या भिंतीत आधी गिलाव्याची करडी भुकटी येते, मग लाल. गिलावा संपूनही करडीच येत राहिली तर थांबावे. ती बुजवलेली खाच असू शकते. प्लास्टिकचा कीस दिसला, किंवा बिट एकदम पोकळीत गेल्यासारखे वाटले, तर लगेच थांबावे.

एवढे करूनही पाइप फुटलाच तर ओल्या हाताने ड्रिलला शिवू नये. आधी बोर्डावरून वीज बंद, मग टाकीचा कॉक बंद. वरून लांबी भरून भोक बुजवणे हा उपाय नव्हे, कारण पाणी आतल्या आत मुरत राहते. तेवढी भिंत फोडून पाइपाचा तुकडा बदलावाच लागतो.

कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून मी हिशेब मांडला. खिळा आणि गट्टी दहा रुपये. प्लंबर, गवंडी, पाइपाचे सामान आणि रंग मिळून साडेतीन हजार. फोटोची किंमत कोणत्या खात्यावर टाकायची, हे अजून कळलेले नाही.

आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “गड्डक्के बेंकि हत्तिदाग बावि तोडिद हागे!” दाढीला आग लागल्यावर विहीर खणल्यासारखे! आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणतात. त्यांच्याकडे दाढी पेटल्यावर. दोन्ही भाषांतले शहाणपण एकच आहे.

म्हणून ज्यांच्या घराचे बांधकाम चालू असेल, त्यांना एवढीच विनंती. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. तो घरपट्टीच्या पावत्यांबरोबर जपून ठेवा. आणि घर जुने असो की नवे, टाकीचा कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.

आजोबांचा तो डागाळलेला फोटो आम्ही समोरच्या भिंतीवर लावला आहे. या वेळी भोक पाडण्याआधी आज्जीने स्वतः पलीकडच्या खोलीत जाऊन पाहिले, आणि मगच मला ड्रिल हातात दिले.