रोज्याचे घड्याळ विजेवर चालत नाही

संध्याकाळचे साडेसहा. दस्तरखान अंथरून झाले आहे. खजूर, टरबुजाच्या फोडी, उकडलेले चणे, गरम भजी आणि सरबताचा जग. लहान मुलांचे डोळे भज्यांवर, मोठ्यांचे घड्याळावर. इफ्तारला वीस मिनिटे उरलेली असताना लाईट जाते. कूलरचे पाते गरगरत थांबते आणि घर एकदम सुन्न होते. कुणीतरी म्हणते, "गेली वाटते."

खामगावच्या कोणत्याही मोहल्ल्यात हे चित्र ओळखीचे आहे. २०२२ च्या रमजानमध्ये तर ते जास्तच आठवणीत राहिले. त्या वर्षी पहिला रोजा ३ एप्रिलला होता. वऱ्हाडचे ऊन तेव्हा तापू लागलेले, रोजा सुमारे १४ तासांचा आणि नेमका त्याच महिन्यात राज्यात विजेचा तुटवडा पडला. उन्हाळा लवकर भडकल्याने मागणी २८ हजार मेगावॉटच्या घरात गेली, औष्णिक केंद्रांत कोळशाचा साठा खालावला, परदेशी कोळसाही महागला. सुमारे अडीच हजार मेगावॉट कमी पडू लागले आणि विसरत चाललेले भारनियमन परत आले.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. वीज इतक्या जवळ तयार होते, मग घरात अंधार का, असे कुणालाही वाटेल. पण पारसची वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि भारनियमन ठरते ते फीडरवरून. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्याचा गट खालचा आणि कपात आधी त्याची. त्यामुळे दर महिन्याला बिल वेळेवर भरणारे घरही शेजाऱ्यांच्या थकबाकीपायी अंधारात बसते. सुमारे चौदा तास पाण्याचा थेंब न घेता दिवसभर काम केलेल्या माणसाला हा हिशेब पटवणे सोपे नसते.

तरीही इफ्तार थांबत नाही. कारण रोज्याचे घड्याळ सूर्यावर चालते. पहाट उजाडायच्या आत सेहरी संपते, सूर्य मावळला की रोजा सुटतो. भिंतीवर वेळापत्रकाचे छापील कार्ड असते. भोंगा बंद असला तर मशिदीच्या गच्चीवरून अजान दिली जाते आणि एका घरातून दुसऱ्या घरात "हो गया" पोहोचते. खजूर तोंडात टाकायला दिवा लागत नाही.

३० जुलै २०१२ ला तर अर्ध्या देशाने हा अनुभव घेतला. तेव्हाही रमजान सुरू होता. रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी, म्हणजे स्वयंपाकघरे सेहरीसाठी जागी होण्याच्या सुमारास, उत्तरेची ग्रिड कोसळली. दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश अंधारात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्येच्या ग्रिडही बसल्या. साठ कोटींच्या आसपास लोकांच्या घरची वीज गेली. पश्चिमेची ग्रिड टिकल्याने महाराष्ट्र वाचला. तिकडच्या घरांनी मेणबत्तीच्या उजेडात सेहरी केली आणि रोजा धरला.

वीज गेल्यावर खरी अडचण होते ती तीन गोष्टींची. पाणी, झोप आणि औषध.

नळ येतो तेव्हाच लाईट गेली, तर पाणी खालच्या टाक्यातच राहते. वरच्या टाकीत चढवायला मोटार चालत नाही. म्हणून जाणत्या बाया लाईट असतानाच दोन गुंड आणि माठ भरून ठेवतात. वुजूसाठी तोटी उघडी सोडण्यापेक्षा तांब्याने पाणी घेतले तर एका तांब्यात काम भागते. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण अशा वेळी नव्याने समजते.

तरावीहची नमाज आटोपून झोपायला साडेदहा-अकरा वाजतात आणि चारच्या आत उठायचे असते. त्यात कूलर बंद. मग बाज गच्चीवर जाते, मच्छरदाणी बांधली जाते, लहानग्यांना ओल्या पंचाने पुसून निजवले जाते. उरलेला भात या उकाड्यात पहाटेपर्यंत आंबतो, म्हणून मोजकेच रांधायचे. मिक्सर नसला तर वरवंटा आहेच. मेणबत्ती मात्र झोपण्यापूर्वी विझवायची. पडदा पेटायला एक झुळूक पुरते.

सगळ्यात नाजूक गोष्ट औषधाची. घरात इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर फ्रिज बंद पडला म्हणून घाबरू नये. दार वारंवार उघडले नाही तर काही तास आत गारवा टिकतो. लाईट जास्त वेळ गेली तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या ओल्या भांड्यात, सावलीत ठेवावी. बर्फाला थेट लावू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आणि रोजा धरावा की नाही, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. ती नाकारून जीव धोक्यात घालण्यात पुण्य नाही.

या सगळ्यात एक फरक डोळ्यांत भरतो. एका घरात इन्व्हर्टरवर पंखा फिरत असतो आणि भिंतीपलीकडे टिनपत्र्याखाली एखादी म्हातारी हातपंखा हलवत असते. दिवसभराची भूक माणसाला शिकवते ती हीच गोष्ट, की शेजारच्या घरात काय चालले आहे ते पाहा. म्हणून इन्व्हर्टर असलेल्या घराने संध्याकाळी शेजारच्या पोराचा मोबाईल आणि टॉर्च चार्ज करून दिला, आजारी माणसाला तासभर पंख्याखाली बसवले, तर तोही रमजानच आहे. आणि हे काम एकाच धर्माचे घर करते असे नाही.

"भाभी, आमच्याकडं लाईट हाय. बर्फ लागते काय?" भिंतीपलीकडून हाक येते.

"लागते ना काकू. पोराले पाठवते."

पोरगा बर्फाचे भांडे घेऊन परततो, ते सरबतात पडते. जाताना त्याच्या हातात भज्यांची ताटली असते. तेवढ्यात अजान होते. लाईट अजून आलेली नसते, पण त्याकडे आता कुणाचे लक्ष नसते.