पेशी पाहायची की विषाणू शोधायचा?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी म्हटलं की पॅप स्मिअर आठवते. चपट्या पट्टीने गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. हवेत वाळल्या तर पेशींचा आकार बिघडतो, म्हणून ही घाई. मग प्रयोगशाळेत हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळं-जांभळं होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोध सुरू होतो. निरोगी पृष्ठपेशीत केंद्रक ठिपक्याएवढं असतं. बिघडू लागलेल्या पेशीत ते फुगतं, गडद होतं, कडा वेड्यावाकड्या होतात. हजारो पेशींतून अशा मोजक्याच हुडकायच्या, म्हणजे सगळी भिस्त नमुन्यावर आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर. पेशी द्रावणाच्या कुपीत घेतल्या तर रक्त आणि स्राव कमी आड येतात, पण नजर लागतेच.

एचपीव्ही चाचणी पेशीच्या रूपाकडे पाहतच नाही. ती आजाराचं मूळ असलेला विषाणू, म्हणजे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस), शोधते. हायब्रिड कॅप्चर पद्धतीत नमुन्यात अल्कली घातली की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. त्यांत धोकादायक एचपीव्हीच्या डीएनएशी जुळणारे आरएनएचे तुकडे सोडतात. विषाणू असला तर जोडी जमते, प्रतिपिंडं ती धरून ठेवतात आणि शेवटच्या रसायनाने प्रकाश पडतो. तो यंत्र मोजतं.

तिसरी पद्धत प्रयोगशाळेविना चालते: 3 ते 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं, मात्र साध्या दाहानेही पांढरेपणा येऊ शकतो.

या तिन्हींची गाठ पडली ती तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या सहभागाने 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर होते. बाकी दोन पद्धतींत तशी ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मात्र मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. नजरेच्या तपासणीला पुन्हा पुन्हा संधी द्यावी लागते, ती अशी.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, हे अहवाल हातात देतानाच सांगायला हवं. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. कोणाला कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी, लागेल ते पुढच्या तपासणीत ठरतं. निगेटिव्ह आलेल्या स्त्रीला जागतिक आरोग्य संघटना पाच ते दहा वर्षांनीच पुन्हा तपासायला सांगते. रोजंदारी बुडवून दवाखान्यात येणाऱ्या बाईसाठी मला हीच चाचणी हवीशी वाटते.