खाण्याचा सोडा तोंडात काय करतो?

खाण्याचा सोडा घातलेली टूथपेस्ट जंतू मारते, असे सांगतात. प्रयोगशाळेत ते दिसतेही. सोड्याच्या दाट द्रावणात तोंडातले कित्येक जीवाणू मरतात. सोबत पेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर जास्तच. पण आपण दात घासतो जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात लाळ पेस्ट पातळ करते आणि चूळ भरली की उरलीसुरली वाहून जाते. शिवाय दातांवरचे जीवाणू सुटे नसतात, चिकट थरात दडलेले असतात. म्हणून मला सोड्याचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते: तो आम्ल मारतो.

दात किडतात ते आम्लाने. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्येच मांडले होते की तोंडातले जीवाणू साखर-पिठूळ पदार्थ आंबवतात आणि त्या आम्लात दात विरघळतो. साखर पोहोचल्यावर काही मिनिटांतच थराचा सामू (पीएच) घसरतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या इनॅमलमधले खनिज सुटू लागते. मग लाळ, मुख्यतः तिच्यातल्या बायकार्बोनेटच्या बळावर, अर्ध्या-एक तासात सामू पुन्हा वर आणते. खाण्याच्या सोड्यातही हेच बायकार्बोनेट असते!

दिवसभर थोडा थोडा गोड चहा, मधूनच बिस्किट, असे चालू राहिले तर लाळेला ही उसंत मिळत नाही. अशा आंबट थरात ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’सारखे आम्ल सोसणारे जीवाणू फोफावतात आणि निरुपद्रवी जाती मागे पडतात. ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फिलिप मार्श यांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला: कीड हा बाहेरून आलेल्या जंतूचा हल्ला नाही, तोंडातल्या वस्तीचा तोल बिघडण्याचा परिणाम आहे. सामू ८ च्या वर असलेला सोडा हा तोल सावरायला हातभार लावतो.

सोड्याने दात झिजतात, ही भीती मात्र सोडून द्यावी. पेस्टचा खरखरीतपणा मोजण्याच्या ‘आरडीए’ मापावर शुद्ध सोडा ७ च्या आसपास येतो. मर्यादा २५० ची आहे. खरा धोका सोड्यात लिंबू पिळून दात घासण्यात आहे. तो फसफसणारा फेस म्हणजे सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवत असल्याची खूण. सोडा वाया जातो, आणि लिंबू जास्त झाले तर दातांवर आम्लच चोळले जाते. नुसत्या सोड्यात फ्लोराइडही नसते, आणि इनॅमलच्या दुरुस्तीला फ्लोराइडची मोठी मदत होते. म्हणून घ्यायचीच तर दोन्ही असलेली पेस्ट घ्यावी. रात्री घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते.

लाळ कायमची आटली तर काय होते, हे डोके-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेले रुग्ण भोगतात. लाळग्रंथी भाजून निघतात आणि चांगले दातही झपाट्याने किडू लागतात. त्यांना डॉक्टर सोडा-मिठाच्या पाण्याने दिवसातून अनेकदा खळखळून चुळा भरायला सांगतात, शिवाय फ्लोराइडही वेगळे देतात.