पळालं म्हणजे वाचलं?

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची कड असो की पेंचलगतची शेतं, फासातून निसटलेलं किंवा कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं चितळ झुडपांत दिसेनासं झालं की बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. रानातलं जनावर चिवट, त्याची जखम आपोआप भरते, असं आपण मानतो. यातलं अर्धं खरं आहे आणि तेच घातक ठरतं.

हरणाचं शरीर जखमा खरोखर सोसतं. आत अडकलेल्या छऱ्याभोवती तंतूंचं आवरण तयार होऊन जनावर पुढे जगू शकतं. मोडलेलं हाड वाकडं का होईना, जुळतं. तीन पायांवर चरणारी हरणं जगात अनेक ठिकाणी आढळली आहेत. पण ही सगळी वाचलेली हरणं. जखमेत किडे पडून किंवा लंगडण्यामुळे बिबट्याच्या तोंडी सापडून मेलेली आपल्याला दिसतच नाहीत.

‘मोडलेलं शिंग पुन्हा येतं’ हे चितळ-सांबराच्या नरांपुरतं बरोबर आहे. त्यांची शिंगं गळतात आणि नवी उगवतात. रोही आणि काळवीट मात्र हरणं नव्हेत, कुरंग आहेत. त्यांचं शिंग एकदा गेलं की गेलं.

सगळ्यांत महागात पडणारा समज म्हणजे ‘रक्त नाही, तर इजा नाही’. जिवाच्या आकांताने पळताना किंवा फासात धडपडताना स्नायूंवर प्रचंड ताण येतो, त्यांत आम्ल साचतं आणि स्नायूंचे तंतू तुटू लागतात. त्यातून रक्तात उतरलेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करतं. पशुवैद्यक याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. अंगावर ओरखडाही नसलेलं चितळ काही तासांत, कधी काही दिवसांनीही मरतं. एकदा हे सुरू झालं की उपचारांना फारसं यश येत नाही.

म्हणून भोवती गर्दी करणं, पाठीवरून हात फिरवणं, फोटोसाठी धरून ठेवणं, यातलं काहीच प्रेमाचं नाही. त्या जनावराला माणसाचा स्पर्श शिकाऱ्याचाच वाटतो. बळेच पाजलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. डोळ्यांवर स्वच्छ फडकं टाकावं, आवाज बंद करावा, कुत्री दूर ठेवावीत आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. दुचाकीच्या क्लच वायरचा फास पायात रुतलेला असेल तर तो कापून जनावराला तिथेच सोडून देणंही चूक. रक्तपुरवठा तुटलेला पाय नंतर सडतो, तेव्हा त्याला आधी पशुवैद्याने पाहायला हवं.

‘मेलं नाही, मग शिकार कसली?’ हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणं, फास लावणं, हाकणं, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं आणि जखमी करणं शिकारच आहे. लावलेल्या फासात काहीच अडकलं नाही, तरी गुन्हा घडलेला असतो.