एका चिपमध्ये रोह्याचा सिग्नल

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एकदा लालबागचा साचा काढला की त्यातून लालबागच निघणार, दगडूशेठ निघणार नाही. आमच्या वेळचं डिजिटलचं प्रॅक्टिकल याच जातीचं. 7408 आयसी घेतली तर चार अँड गेट, संपलं. नॉट हवं? 7404 शोधा, पुन्हा वायरी खोचा. एखादी वायर सैल राहिली की दोन तास ती शोधण्यात जायचे आणि जर्नलमध्ये शेजाऱ्याचं ट्रुथ टेबल उतरायचं.

पवईच्या आयआयटीतल्या वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स लॅबने विद्यार्थ्यांसाठी ‘क्रिप्टॉन’ नावाचा बोर्ड तयार केला, त्यात साचाच बदलता येतो. बोर्डावर अल्टेराच्या मॅक्स-5 मालिकेतली 144 पायांची चिप, चिपच्या पोटात 1270 लॉजिक एलिमेंट. एका एलिमेंटमध्ये चार इनपुटचं, सोळा ओळींचं कोरं ट्रुथ टेबल. कुठल्या ओळीत 0, कुठे 1, ते आपण भरायचं. भरण्याचे प्रकार 65,536. शेवटच्या ओळीत 1 आणि बाकी सगळीकडे 0 भरलं, झालं चार इनपुटचं अँड गेट. उद्या तीच जागा पुसून दुसरं काही. वीज गेली तरी चिप भरलेलं विसरत नाही, ही सोय आमच्याकडे फार मोलाची.

करून बघायला उदाहरण घरचंच घ्या. दिव्याहून सुटलेली मेमू पेण, कासू, नागोठणे करत रोह्याला येते; इथे मध्य रेल्वे संपते, पुढे कोकण रेल्वे. गाडीला हिरवा कधी मिळतो? रूळ मोकळा हवा, सांधा बरोबर बाजूला लागलेला हवा, आणि आडव्या येणाऱ्या मार्गाला सिग्नल दिलेला नको. तीन स्विच, एक एलईडी, आणि व्हीएचडीएल या सर्किट लिहिण्याच्या भाषेतली एक ओळ: दोन अँड, एक नॉट. रेल्वेच्या केबिनमध्ये हेच काम रिलेंनी वर्षानुवर्षं केलं. (खऱ्या सिग्नलला बिघाड झाला तर लालच पडावा लागतो, तेवढी हमी या एका ओळीत नाही, हे पोरांना सांगायलाच हवं.)

पुढचा धडा बटणाचा. मी काउंटर बनवला, बटण एकदा दाबलं, आकडा चारने पुढे. कोड तीनदा तपासला. दोष पत्र्याचा होता: बटणाचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि 50 मेगाहर्ट्झचं घड्याळ दर 20 नॅनोसेकंदांनी बघतं. त्याला ती थरथर म्हणजे चार वेळा दाबणं.

एक खोट मात्र सांगतो. या चिपसाठी कंपनीचंच क्वार्टस हे सॉफ्टवेअर लागतं. ते फुकट मिळतं, पण अवजड आहे, आणि आत काय करतं ते बंद पेटीत. याउलट, 2015मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस-40 चिपची बिटांची भाषा उलगडून खुली केली. त्यामुळे त्या चिपसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मोफत, खुली साधनं वापरता येतात, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा. म्हणून शिकायला क्रिप्टॉन उत्तम, पण नव्याने विकत घ्यायचा तर माझं मत आइस-40च्या खुल्या बोर्डाला.

पेण, रोहे, लोणेरे इथल्या प्राध्यापकांना एवढीच विनंती: वर्गात एक तरी बोर्ड आणा, आणि 7408चा डबा फेकू नका. पहिला तास त्यावरच घ्या.